थाळीवरचा मासा कुणी उचलला?

मी एक जुनी, लांबट, चिनी मातीची थाळी आहे. मित्रांनो, अख्खा मासा मावावा म्हणूनच मला घडवले. नोवी साद शहरात देसांकाबाईंच्या घरी संत निकोलाच्या दिवशी डॅन्यूब नदीतला मोठा मासा शेपटीसकट माझ्यावर विराजमान व्हायचा. हा त्यांच्या घराण्याचा सण, आणि येतो ऐन नाताळाआधीच्या उपवासात. त्यामुळे मासा चालतो, मांस नाही. आमंत्रण कुणालाच नसते. आपले म्हणवणारे आपणहून येतात.

देसांकाबाई नटी होत्या. टीव्हीवरच्या एका गुन्हेमालिकेत त्या इन्स्पेक्टरच्या आई. काम काय, तर दार उघडायचे आणि कॉफी ओतायची, तेही वर्षानुवर्षे. शेवटी लेखक वुकाशिनला दया आली म्हणा, लाज वाटली म्हणा, त्याने एक भाग खास त्यांच्यासाठी लिहिला.

त्यात खुनी दूरचा पुतण्या असल्याची बतावणी करून याच सणाला इन्स्पेक्टरच्या घरात शिरतो, आणि भेट म्हणून भाजलेले डुक्कर आणतो! टेबलावर मासा. सगळे चपापतात. मग आई म्हणते, "ज्या घरचा म्हणवतोस, बाळा, त्या घरात आज मांस शिजत नाही." झाले, खुनी सापडला.

बाई ते वाक्य भांडी विसळताना घोकायच्या. चित्रीकरणाला त्यांनी मला शालीत गुंडाळून घरून नेले. मीही फुशारले होते.

तिथे कळले की मालिकेला नवा प्रायोजक मिळालाय, मांसाचा कारखाना. दिग्दर्शक म्हणाला, "मासा काढा. टेबलभर डुक्कर पाहिजे."

"अहो, मग त्याला पकडायचं कशावरून?" बाईंनी विचारले.

"नजरेवरून. इन्स्पेक्टर हुशार आहे ना!"

तिथल्या निम्म्या लोकांच्या घरी हाच सण होता. कळत सगळ्यांना होते. बाईंनी वुकाशिनकडे पाहिले. तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसला. माझ्यावर डुकराचे मुंडके आले आणि बाईंच्या हातात कॉफीचे भांडे.

भाग लागला आणि हसे झाले. बाजारात कोबीवाली म्हणाली, "काय देसांकाबाई, तुमच्या निकोलाने उपवास सोडला वाटतं? आणि लेक म्हणे डोळे बघून खुनी ओळखतो! आमच्या नवऱ्याचे डोळे बघायला पाठवा की!"

बाई हसल्या. घरी आल्यावर मात्र पिशवी मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. मला फार वाईट वाटले. थोड्याच दिवसांत मालिकाही बंद पडली.

पुढच्या सणाला त्यांनी मला घासले, पुसले, आणि परत काचेच्या कपाटात ठेवले. मासा साध्या पत्र्याच्या ट्रेमध्ये वाढला. सणाची मेणबत्ती अर्धी जळाली तरी कुणी फिरकले नाही. मग वुकाशिन आला.

बाईंनी त्याला वाढले. समोर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "ज्या घरचा म्हणवतोस, बाळा, त्या घरात आज मांस शिजत नाही."

त्याने काटा खाली ठेवला. "सीन रंगला असता, काकू."

"रंगला असता. जेव आता, काटे बघून खा."

त्यानंतरचा सण बाईंनी पाहिला नाही. मी आता जुन्या बाजारात, गंजलेल्या कुलपांच्या शेजारी पडून असते.

मित्रांनो, उद्या तुम्हीही गोष्टी रचाल. कुणी तुमच्या गोष्टीतला मासा उचलू लागला, तर कृपा करून त्या वेळी बुटाची नाडी बांधत बसू नका.