जहाजाच्या पोटातली बॅग

विठाबाई आणि चंपतराव आदिलाबादजवळच्या जैनथ गावचे. पैनगंगेच्या अलीकडे त्यांचं दोन एकर भाजीचं रान. तीस वर्षं विठाबाई रोज सकाळी वांगी-मेथीची पाटी ऑटोत घालून आदिलाबादच्या बाजारात नेत होती. डोक्यावर चुंबळ, त्यावर पाटी. चढवायची तिनंच आणि उतरवायचीही तिनंच. दुसऱ्याच्या हाती दिली की खालची वांगी दबतात, असं तिचं म्हणणं.

त्यांची लेक मीनल हैदराबादला बँकेत होती. यंदाच्या हिवाळ्यात तिनं आईबापांना जहाजावर न्यायचं ठरवलं. मुंबईहून निघायचं, चार दिवस समुद्रात राहायचं आणि मुंबईलाच परत यायचं. जायच्या आधी तिनं आदिलाबादच्या नेट सेंटरवरून बॅगांना लावायच्या कागदी पट्ट्या छापून आणल्या. त्यांवर नाव, जहाजाचा मजला आणि खोलीचा नंबर होता.

"हे कायले?" विठाबाईनं विचारलं.

"बॅग बंदरावरच द्यायची असते, आई. ते लोक खोलीपर्यंत आणून देतात."

"कोन लोक?"

मीनलनं पट्ट्या मोजून पिशवीत ठेवल्या.

बंदरावर टॅक्सीतून उतरल्यावर विठाबाईला समोर एक पांढरी इमारत दिसली. मजल्यावर मजले, खिडक्यांच्या रांगाच रांगा. तिनं जहाज कुठं आहे म्हणून विचारलं. तेवढ्यात तिला त्या इमारतीला बांधलेले माणसाच्या मांडीएवढे जाड दोर दिसले.

निळ्या कपड्यांतल्या हमालानं विठाबाई-चंपतरावांच्या मरून रंगाच्या बॅगेला हात घातला, पण विठाबाईची मूठ काही सुटेना.

"आपल्या बसच्या टपावरचं पोतं दोनदा गायब झालं," चंपतराव म्हणाले. "इथं तं हजार बॅगा हायेत."

"आई, सोड," मीनल हळूच म्हणाली. "औषधं आणि आधारकार्ड आपल्या पिशवीत आहेत ना? मग झालं."

विठाबाईनं मूठ सोडली. बॅग लोखंडी पिंजऱ्यात गेली, तिच्यावर दुसऱ्या बॅगा पडल्या आणि एका छोट्या गाडीनं तो पिंजरा ओढून नेला.

आठव्या मजल्यावरच्या खोलीत समुद्र खिडकीला टेकलेला होता. विठाबाई मात्र दाराकडे बघत बसली. चार वाजता मीनलची बॅग आली. पाच वाजले, शेजाऱ्यांच्याही आल्या. मरून बॅग काही आली नाही. मग खोलीतला फोन वाजला. बॅग तपासणीत अडकली होती, मालकानं खाली यावं, असा निरोप होता.

चंपतराव खाली मान घालून म्हणाले, "मी त्याच्यात पानी तापवाची कॉइल टाकली होती. पाटे चार वाजता चा कोन देईन मले?"

तिघंही खाली गेले. एका दारापलीकडे गालिचे संपले आणि लोखंडी जिने लागले. गणवेशातली एक बाई त्यांना न्यायला आली होती. तिचं नाव रंजीता, राहणारी ओडिशाची. आणखी दोन जिने उतरल्यावर एक रस्ता आला. हो, रस्ताच. छतावर जाडजूड नळ्या, मधून ट्रॉल्या धावताहेत आणि त्याचं दुसरं टोक दिसतच नाही. दोन्ही बाजूंना बॅगांचे पिंजरे उभे होते. नाना देशांची माणसं पट्टीवरचा नंबर वाचत, बॅग खेचत, मजल्याप्रमाणे वेगळी लावत होती. त्यात एकीच्या मानेवरून घाम निथळत होता. तिनं एका हातात दोन बॅगा उचलल्या. तिनं गुडघे कसे वाकवले, कंबर कशी सरळ ठेवली, हे विठाबाईनं नीट पाहिलं.

"आज कितीक बॅगा?" तिनं मीनलला विचारायला लावलं.

"चार हजार," रंजीता हिंदीत म्हणाली. "एका दुपारीत."

तिनं बॅगेतून कॉइल काढून घेतली, पावती लिहिली आणि बॅग परत दिली. "माँजी, जहाज पे आग लगे तो भागने की जगह नहीं होती. उतरते वक्त वापस मिलेगी."

विठाबाईचं तिकडं लक्ष नव्हतं. तिनं बाजूच्या भिंतीला तळवा लावला होता. लोखंड गार होतं आणि आतून बारीक थरथरत होतं.

"याच्या पलीकडं काय हाय?"

"समंदर," रंजीता म्हणाली. "पानी आपके सर से ऊपर है."

विठाबाईनं हात काढला नाही. डोक्यावर बारा मजले, चार हजार बॅगा, हजारो माणसं, त्यांची जेवणं, त्यांच्या गाद्या.

"मंग हे सारं कोन उचलून राह्यलं?" तिनं विचारलं.

मीनलनं हिंदीत सांगितलं. रंजीतानं त्या भिंतीकडं पाहिलं. रोज इथं काम करूनही तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

"पानी," ती म्हणाली.

पुढचे दिवस विठाबाई सकाळी गच्चीवर जाऊन कठड्याशी उभी राहायची आणि समोर न बघता खाली बघायची, जिथं पाणी जहाजाला लागतं तिथं.

शेवटच्या संध्याकाळी नव्या पट्ट्या आल्या, पिवळ्या. बॅगा जेवणानंतर दाराबाहेर ठेवायच्या होत्या. या वेळी विठाबाईनं बॅग स्वतः बाहेर नेली आणि पट्टी वर येईल अशी उभी केली. वऱ्हांड्यात दोन्हीकडं दारोदारी बॅगा उभ्या होत्या. सकाळी तिथं एकही नव्हती. चंपतरावांचा पायजमा सोडून सगळे कपडे बॅगेतच गेले होते. मीनलनं बजावूनही त्यांनी पँट बाहेर ठेवली नव्हती. ते पायजम्यावरच जहाजातून उतरले आणि पूर्ण वेळ पिशवी पुढं धरून चालले.

बंदरावरच्या मोठ्या दालनात पट्टीच्या रंगाप्रमाणे बॅगांच्या रांगा लावल्या होत्या. पिवळ्यांत मरून बॅग लगेच सापडली. चंपतराव तिच्यातून पँट काढायला धावले. मीनलला गाडीची घाई होती.

"थांब," विठाबाई म्हणाली. "मले पाहू दे."

"काय पाहू दे?"

"साऱ्याईच्या भेटतात का नाई ते."

ती बाकावर बसली. लोक येत होते, वाकून पट्टी वाचत होते आणि बॅग घेऊन जात होते. निळी रांग संपली, मग लाल. तासाभरानं एक हिरवी बॅग तेवढी उरली. हमालानं पट्टी वाचली, फोन लावला. मीनलचं तीनदा घड्याळ बघून झालं. चंपतरावही आता त्या बॅगेकडंच बघत होते.

मग एक नवी नवरी धावत आली. नवऱ्यानं घेतली असेल असं तिला वाटलं होतं, आणि तिनं घेतली असेल असं नवऱ्याला. हमालानं बॅग तिच्याकडं ढकलली आणि कंबरेवर हात ठेवून रिकाम्या दालनाकडं एकदा पाहिलं. विठाबाई उठून त्याच्याजवळ गेली. तिनं हात जोडले. तो गोंधळला, मग त्यानंही जोडले.

"चाल आता," ती मीनलला म्हणाली.