नाक्याच्या पुढे

तिहोमिरच्या शववाहिनीचं दुखणं एकच, तिला हळू चालावं लागे. पेटी आत, गाव मागे पायी, आणि टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत माणसाच्या चालीने जायचं. अशाने डिझेल इंजिन तापत नाही, धुराच्या नळीतल्या गाळणीत काजळी साचते, आणि गाळणी तुंबली की गाडी चढावर मान टाकते. म्हणून गाडी रिकामी झाली की ती हायवेवर अर्धा तास दामटायची, म्हणजे काजळी आतल्या आत जळून जाते. त्या फेरीला शेजारी ल्युबिंका बसायची, भोपळ्याच्या खारवलेल्या बिया फोडत. नवराबायकोचं फिरणं म्हणाल तर तेवढंच.

"लोक बायकोला समुद्रावर नेतात, मला माझा नवरा टोलनाक्यापर्यंत नेतो," असं ती गावभर सांगायची. नाका आला की म्हणायची, "एकदा पुढे ने की. बघू तरी काय आहे."

"डिझेल काय तुझा बाप देणारे?" म्हणत तो गाडी वळवायचा.

ती इस्पितळात गेली तशा फेऱ्या थांबल्या. दिवसभर गाडी, संध्याकाळी बसने नीश शहरात तिच्या उशाशी, घरी आल्यावर बूट काढायचंही त्राण नसे. मग त्याने काजळी जाळणारं औषध आणलं आणि गाळणी तुंबल्याचा दिवा गाडीत लागला की बाटलीच्या बाटली टाकीत ओतायला लागला. सुरुवातीला दिवा विझायचाही. त्याला तेवढंच बरं वाटायचं.

मग बेकरीवाल्याच्या अंत्ययात्रेच्या वेळी गाडी अर्ध्या चढावर बसली. पेटी शेवटी शेणाच्या ट्रॅक्टरवरून वर न्यावी लागली. ही बातमी इस्पितळातही पोचली.

"मला ट्रॅक्टरवरून नेऊ नकोस हं," ल्युबिंका म्हणाली.

"गप गं. तुला कुठे जायचंय?"

बुधवारी ती गेली.

गुरुवारी सकाळी दिवा लागलेलाच होता. मेकॅनिक ग्वोझ्देन गाडीखालून बाहेर आला तो चिडूनच. "अरे, औषधाने काजळी कमी आचेवर जळते, कबूल. पण आच तर हवी ना? आणि औषधाची राख उरते ती कशानेच जळत नाही. निम्मी गाळणी राखेनेच भरून ठेवलीस."

"नवी बसव."

"यायला आठवडा लागेल. नीट दामट एकदा. जळली काजळी तर चढेल टेकडी." मग खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनीसाठी तरी चढेल रे."

नीशहून निघताना पेटी मागे होती आणि शेजारी मेहुणी, स्तामेना, बहिणीची इस्पितळातली पिशवी मांडीवर घेऊन. तिहोमिरने जुना रस्ता सोडून हायवे धरला आणि पाय दाबला.

"दाजी, हळू. मागे ताई आहे."

"माहितीय."

"मग काय पळवताय असे? लोक काय म्हणतील?"

त्याने ट्रॅक्टरचं सांगितलं. औषधाचंही सांगितलं, की आळस त्याचा आणि भोगणार ती. स्तामेनाने पिशवीत हात घातला. आत बियांची अर्धी पुडी निघाली. तिने एक बी फोडली.

"पळवा मग," ती म्हणाली.

गावाचा फाटा मागे पडला, दिवा तसाच. नेहमीचा नाका आला, तरी तसाच. इथून परत फिरायचं हे हातांना इतकं पाठ होतं की त्यांनी आपसूक वळण घ्यायला सुरुवात केली. तिहोमिरने गाडी सरळ केली.

पुढे मका होता. मग आणखी मका, एक गोदाम, पुन्हा मका. तिथे कुठेतरी दिवा विझला.

दुपारी गाडी माणसाच्या चालीने टेकडी चढली, एकदाही न अडखळता. मागे अख्खं गाव चालत होतं. पेटी खाली उतरवण्याआधी तिहोमिर तिच्यावर वाकला. लोकांना वाटलं, निरोप घेतोय.

"मकाच होता गं नुसता," तो म्हणाला, आणि मग त्याला रडू आवरेना. एवढ्याशासाठी तो इतकी वर्षं नाही म्हणत आला होता.