निलव्वाचा दृढभाजक

“एकच येतोय, बाई.”

निलव्वाने मान खाली घालूनच सांगितले आणि चौथीचा सगळा वर्ग खुदकन हसला.

“हिला एकच पाढा येतोय, बाई,” सारजी म्हणाली. “एक एके एक!”

“तू गप गं. तुझी अकरकी काल ऐकली मी,” मायाक्काबाई म्हणाल्या, आणि हसू सारजीवर उलटले.

मार्शल लॉ उठून वर्ष झाले होते. गिरणीचे भोंगे पुन्हा वेळेवर होऊ लागले होते आणि त्या भोंग्यांवर मुलींची ती चिमुकली शाळा भरत नि सुटत होती. मायाक्काबाई तिथे चौथीला शिकवीत. कपाळ मोकळे, पांढरे लुगडे, बोलणे हळू. सकाळी तळ्यातल्या सिद्धेश्वराचे दर्शन झाल्याखेरीज तोंडात पाणी घ्यायचे नाही, हा त्यांचा नेम. नवरा गेल्यावर घरात कोणी उरले नव्हते. देव होता आणि ह्या मुली होत्या.

त्या दिवसांत दृढभाजक चालला होता. दोन आकड्यांना बाकी न ठेवता भागील असा सगळ्यांत मोठा आकडा म्हणजे दृढभाजक. पाटीवर तो मुलींच्या डोक्यात शिरेना, तेव्हा बाईंनी प्रत्येकीला दोन करवंट्या आणि मूठभर चिंचोके आणायला सांगितले. एका करवंटीत बारा, दुसरीत अठरा. दोन्हींतल्या चिंचोक्यांचे सारख्या आकाराचे ढीग लावायचे. एकही उरता कामा नये आणि ढीग होईल तितका मोठा हवा. मुलींना खेळच मिळाला. कोणी दोन-दोनाचे लावले, कोणी तिनाचे. शेवटी सहाचा ढीग सापडला तेव्हा सारजीने टाळी वाजवली.

निलव्वाचे मात्र एकच. बारा-अठरा दिले तरी एक, चोवीस-छत्तीस दिले तरी एक.

आणि ह्या पोरीने पास व्हायलाच हवे होते. तिचा बाप चनमल्लप्पा बाजारात मापाडी. आडत्यांच्या दुकानी धान्य मापून द्यायचे काम. मागल्याच आठवड्यात तो शाळेच्या दारात येऊन, पायरीखालीच उभा राहून बोलला होता.

“दोन वर्सं झाली बाई, चौथीतच हाय. हिची अव्वा गेल्यापास्नं घरचं सगळं हीच बघती. औंदा पास झाली तर मोठ्या शाळंत घालतो, शबुद हाय माझा. न्हाई तर मैंदर्गीला धाडतो, हिच्या आत्तीकडं. तितं दोन म्हशी हायत, हात लागतोय त्यास्नी.”

“पोर हुशार आहे हो, चनमल्लप्पा.”

“हुशार हाय तर मग पास का होईना?”

ते आता शोधायलाच हवे होते.

म्हणून सोमवारी बाई निलव्वाच्या शेजारी जमिनीवरच बसल्या. “लाव बघू माझ्यासमोर.”

पोरीचे हात चपळ. करवंटी उपडी न करता ती दोन बोटांनी चिंचोके वेचून बाहेर मांडू लागली. मांडताना ओठ हलत होते. बाईंनी कान दिला. “लाभ... दोन... तीन...” बाप पहिले माप टाकताना एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, तसेच. बाईंना हसू आले. मग त्यांचे लक्ष करवंटीकडे गेले. तळाशी एक चिंचोका तसाच होता. दुसरीतही एक.

“हे गं का ठेवलेस?”

“माप रिकामं करू न्हाई की, बाई.”

बाराचे अकरा आणि अठराचे सतरा. त्यांना एकाखेरीज कोण भागणार?

“अगं, हे गणित आहे. धान्य का आहे हे? काढ ते.”

निलव्वाचा हात करवंटीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. डोळ्यांत पाणी तरारले. “अव्वा म्हणायची, तळ दिसू दिऊ नगं. ती दुखण्यात पडली तवा आमचा डबा पार खडखडीत झालता, बाई.”

वर्गातले कोणीच हसले नाही. तेवढ्यात भोंगा झाला.

संध्याकाळी उपास सोडायला बाईंनी चूल पेटवली. तांदूळ काढायला डब्यात हात घातला, पसाभर काढले आणि तळाशी चिमूटभर राहू देऊन झाकण लावले. झाकणावरचा हात तसाच राहिला. एकटीच्या घरात, कोणी बघणारे नसताना, इतकी वर्षे आपणही हेच करीत आलो! ते मोडायला त्या पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचे? त्या दिवशी भात जरा करपलाच.

मंगळवारी बाईंनी पदराच्या गाठीतून दोन चिंचोके काढले आणि निलव्वाच्या दोन्ही करवंट्यांत एकेक टाकला.

“हे लक्ष्मीचे. हे मोजायचे नाहीत, उचलायचेही नाहीत. आता ह्यांच्यावर बारा नि अठरा घाल, आणि घातलेस तेवढे सगळे बाहेर काढ.”

पोरगी बाईंकडे बघत राहिली. मग भराभरा मांडू लागली. दोनाचे ढीग, तिनाचे, मग सहाचे.

“सहा!” ती ओरडली. “सहा येतोय, बाई!”

“अगं बया, हिचा पाढा पुढं सरकला की!” सारजी म्हणाली.

परीक्षेला शाळा तपासणारे डेप्युटीसाहेब आले. टोपी, काठी, कपाळाला आठी. परीक्षेत करवंट्या कुठल्या! निलव्वापुढे पाटी होती आणि गणित होते बेचाळीस नि अठ्ठावीस. ती नुसतीच बसून राहिली. भिंतीशी उभ्या बाईंच्या ओठांवर सिद्धेश्वराचे नाव आले. ही पास झाली म्हणजे मोठ्या शाळेत जाणार, आपल्याला रोज दिसायची नाही, हे त्यांना ठाऊक होते. तरी नाम चालूच होते.

निलव्वाने पाटीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक ठिपका दिला आणि भागाकाराला हात घातला.

“हा ठिपका कसला?” साहेबांनी काठी टेकवली.

“तो मोजायचा न्हाई, साहेब.”

साहेबांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी नजर खाली वळवली.

“बरं, नाही मोजत. उत्तर?”

“चौदा.”

साहेबांनी मान हलवली आणि पुढच्या मुलीकडे वळले.

चनमल्लप्पाने शब्द पाळला. जूनमध्ये शाळा उघडल्या. दर्शन करून बाई शाळेच्या पायरीवर पोचल्या, तर रस्त्याने मोठ्या शाळेच्या मुलींचा घोळका येत होता. मध्ये निलव्वा. नवे हिरवे परकर-पोलके, तेल लावून चापून घातलेली वेणी. दोन्ही हात नाचवीत ती कोणाला तरी काही समजावून सांगत होती आणि सगळ्या मन लावून ऐकत होत्या. बाईंच्या ओठांवर हाक आली. पण तिचे सांगणे अजून संपले नव्हते. घोळका बोलत बोलतच पुढे गेला आणि कोपऱ्यावर वळला.

बाई चपला काढून आत गेल्या. नवी चौथी उभी राहिली.

“बसा, बाळांनो,” त्या म्हणाल्या आणि खडू हातात घेतला.