पाठीवरच्या दोन ओळी

मी चित्रकथांचा एक जुना अंक बोलतो आहे. माझे बोलणे तुमच्यापर्यंत किती पोहोचेल, ते त्या दयाघनालाच ठाऊक. कारण माझ्याभोवती काचेसारखे नितळ, जाड प्लास्टिक आहे आणि ते कडांशी असे सांधले आहे की आता मला कोणी उघडू शकत नाही. समाधी घेणारा निदान स्वतःच्या इच्छेने आत उतरतो. मला दुसऱ्याच्या प्रेमाने उतरवले.

माझा जन्म १९५१ सालच्या हिवाळ्याच्या अखेरीचा. ज्यावर वर्तमानपत्रे छापतात, त्याच लाकडाच्या लगद्याच्या कागदावर मला छापले. या कागदाच्या पोटातच आम्ल असते, म्हणून तो जन्मल्या दिवसापासून आतून जळू लागतो. धूर निघत नाही, ज्वाळा दिसत नाही. वर्षागणिक कडा पिवळ्या होतात, मग तपकिरी, आणि एके दिवशी पान बोटाखाली भुगा होते. देहाच्या क्षणभंगुरतेची कीर्तने माणसांना ऐकावी लागतात. आमच्या जातीला त्यांची गरज नाही. दहा सेंट किंमत आणि महिनाभराचे आयुष्य. पुढचा अंक आला की आम्ही रद्दीत.

अमेरिकेत, मोनोंगाहेला नदीच्या काठी, पोलादाच्या कारखान्यांच्या एका गावात, सिगारेटच्या दुकानातल्या तारेवर मी लटकत होतो. एमिल हुदाक या वीस वर्षांच्या तरुणाने मला घेतले. तो भट्टीवर काम करी. त्याला नऊ वर्षांची बहीण होती, विल्मा. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघांनी मला एकत्र वाचले. तो मोठ्याने वाचत होता, ती चित्रांवर बोट फिरवत होती. माझ्यात एका दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट होती. त्याला समुद्राच्या तळाशी दुसरा दिवा पेटलेला दिसतो, तो दोर बांधून पाण्यात उतरतो, आणि तिथेच पान संपते.

"हे काय! संपलं?" विल्मा ओरडली.

"संपलं नाही, थांबलंय. पुढच्या महिन्यात कळेल."

"दुकानदाराला विचार ना. त्याला माहीत असेल."

"त्याला सिगारेटींची नावं तरी धड माहीत आहेत का, येडे?"

पुढचा महिना यायच्या आत एमिलला सैन्याचे बोलावणे आले. कोरियातल्या युद्धावर जायचे होते. निघण्याच्या सकाळी कोटाची बटणे लावता लावता तो टेबलाशी वाकला, मला पालथे केले आणि मागच्या मुखपृष्ठावर, सायकलीच्या जाहिरातीखाली जी पांढरी पट्टी होती, तिच्यावर पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या. त्यांच्या घरच्या स्लोवाक भाषेत.

स्वतःची पाठ कोणाला दिसते? माझ्या पाठीवर काय लिहिले आहे, हे मला विल्माच्या तोंडून कळले. तिने अक्षर अक्षर लावून वाचले: "विल्मा, पुढचा भाग मी आल्यावर दोघं मिळून वाचू. तोवर हे जपून ठेव."

ऑगस्टमध्ये दारात तार आली. त्यानंतर त्या घरात कोणी मोठ्याने वाचले नाही.

पुढचे अंक दुकानात येत राहिले. ते जिथे लटकत, त्या दुकानासमोरून विल्मा मान खाली घालून जाई. रखवालदाराचे काय झाले, ते तिने आयुष्यभर वाचले नाही. दोघांनी मिळून वाचायचे ठरले होते, आणि दोघांपैकी एक नव्हता. पण आज्ञेचा दुसरा अर्धा भाग तिच्या हातात होता: जपून ठेव. गुरूने जाताना एक नाम कानात सांगावे आणि शिष्याने त्यावर आयुष्य काढावे, तसे तिने त्या शब्दांवर काढले.

निष्ठा होती, पण विधी ठाऊक नव्हता. आधी तिने मला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. तळघरातल्या ओलीने डब्याला गंज चढला आणि माझ्या टाचण्यांनाही. मग नव्या शर्टाबरोबर येणारा करडा पुठ्ठा पाठीशी लावून मऊ प्लास्टिकच्या पिशवीत घातले. पिशवीला घाम फुटला आणि पुठ्ठ्याने मला कडेला तपकिरी डाग दिला. प्रत्येक डाग पाहून ती अशी कळवळे की जणू एमिललाच जखम झाली.

तिचे लग्न झाले. नवरा रुडी, तोही कारखान्यातलाच; मनाने मोठा आणि जिभेने तिखट. मला हात लावण्यापूर्वी विल्मा साबणाने हात धुई, कोरडे करी, मग पुन्हा एकदा पुसे. रुडी दारात उभा राहून म्हणे, "दहा सेंटच्या पुस्तकाला एवढं सोवळं! मला वाढताना कधी दोनदा हात धुतले होतेस का गं?"

"तू फाटत नाहीस," ती म्हणे. "तुला फेकून मारलं तरी तू तसाच राहतोस."

त्यांचा मुलगा कॉनराड. तो मोठा झाला तो या अंकांचा संग्राहक होऊनच. आईला माझी पूजा करताना पाहूनच त्याला ते वेड लागले असावे. जतनाचे खरे शास्त्र त्यानेच तिला शिकवले. तळघर नको, तिथे ओल. माळा नको, तिथे उन्हाळा तापतो. आतल्या भिंतीजवळचे कपाट बरे, जमिनीपासून हातभर उंच. अंक आडवे रचायचे नाहीत, पेटीत उभे ठेवायचे. फार दाटीने नाही आणि वाकतील इतके सैलही नाही. उजेड वर्ज्य. पाकीट मायलर नावाच्या कडक, नितळ प्लास्टिकचे, आणि पाठीला आम्ल नसलेला पांढरा पुठ्ठा.

"आणि आई, हा पुठ्ठा सात वर्षांनी बदलायचा. कागदातलं आम्ल तो शोषून घेतो, पण त्याचंही पोट भरतं."

हा पुठ्ठा नीट ध्यानात घ्या. तो पाकिटात पाठीशी बसतो. पुढचे मुखपृष्ठ जगाला दिसते, मागचे पुठ्ठ्याआड जाते. एमिलच्या दोन ओळी अशा पडद्याआड गेल्या, आणि विल्माला ते आवडले. त्या ओळींविषयी तिने कॉनराडला कधी सांगितले नाही. हे एमिलमामाचे पुस्तक, एवढेच त्याला माहीत. जे मनाच्या तळाशी ठेवायचे ते बोलून वर आणू नये, अशी तिची समजूत होती.

सात वर्षांनी एकदा ती खोलीचे दार लोटून मला पाकिटातून काढी. नवा पुठ्ठा शेजारी ठेवलेला असे. ती मला पालथे करी आणि त्या दोन ओळी वाचे. ओठ हलत, आवाज येत नसे. दुर्मीळ पर्वणीला लांबून चालत आलेल्या भाविकाला गाभाऱ्यात जेवढा वेळ मिळतो, तेवढाच वेळ ती स्वतःला देई. मग नवा पुठ्ठा, पाकीट, पेटी, कपाट. पुढची सात वर्षे त्या दर्शनावर.

अशा पाच पर्वण्या झाल्या. पाचव्या वेळी रुडी नव्हता. सहावी येता येता विल्माचे वय ऐंशीला टेकले आणि हात कापू लागले.

"आई, तुझं पुस्तक पुठ्ठ्याला आलं," कॉनराड एका रविवारी म्हणाला. "दे, मी बदलतो."

"नको."

"अगं, कप धरतेस तर अर्धी कॉफी बशीत जाते. पान फाटलं म्हणजे?"

"मग राहू दे यंदा."

त्याला वाटले, आई भिते. ती भीतच होती. पण फाटण्याला कमी आणि त्याच्या डोळ्यांना अधिक. साठ-सत्तर वर्षे सांभाळलेला एकांत कोणापुढे उघडावा, पोटच्या मुलापुढे झाले तरी, हे तिला जमेना. "तू बदल, पण पाठीकडे बघ, तिथे काहीतरी आहे," एवढे एक वाक्य ती बोलली असती तर? मी पुष्कळदा विचार केला आहे. बोलणाऱ्याला संकोच असतो, ऐकणाऱ्याला घाई असते. आणि मधल्या जागेत दैव उभे असते.

कॉनराडने मनाशी ठरवले: आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला ही काळजीच कायमची मिटवायची. संग्राहकांत एक रीत आहे. अंक आधी जाणत्याकडून साफ करून घ्यायचा, वाफेने आणि दाबाने त्याच्या सुरकुत्या काढायच्या. मग पारखी लोक त्याला दहापैकी आकडा देतात आणि कडक पेटीत बंद करतात. मग पुठ्ठा नको, पाकीट नको. विल्मा प्रार्थनेला गेली असताना त्याने मला कपाटातून काढले. संग्राहकाचा नियम असा की विनाकारण पाकीट उघडू नये. त्याने नियम पाळला. मी पाकिटासकट, पुठ्ठ्यासकट, रॉइस नावाच्या साफ करणाऱ्याकडे पोहोचलो.

रॉइस वाईट माणूस नव्हता. त्याने मला तान्ह्या बाळासारखे बाहेर घेतले, पालथे केले आणि थबकला. त्याने फोन लावला.

"कॉनराड, रॉइस बोलतोय. मागच्या बाजूला पेन्सिलीचं काहीतरी आहे."

"दुकानदाराचं असणार. माल आला की तारीख टाकायचे ना तेव्हा."

"तारीख बहुतेक पुढे असते. हे मागे आहे, आणि मला काही वाचता येत नाही. फोटो पाठवू?"

"अरे, मी गाडी चालवतोय. काढलं तर आकडा वाढेल ना?"

"थोडाफार."

"मग काढ की! आईचा वाढदिवस आहे. चकचकीत व्हायला पाहिजे."

त्या दुकानदारांची पेन्सिल संग्राहकांच्या इतकी ओळखीची आहे की ती दुसऱ्या कोणाची असेल, असे त्यांच्या मनातही येत नाही. ज्ञान कमी पडले म्हणून चुकणारा परवडला. ज्ञान पुरेसे आहे असे वाटून चुकणाऱ्याला कोण आवरणार?

रॉइसने माझ्या पाठीवर रबराची बारीक भुकटी पसरली आणि बोटाच्या टोकाने हलके गोल फिरवू लागला. दुखले नाही. दुखले असते तर बरे झाले असते. आधी तिचे नाव गेले. मग 'दोघं' गेले, मग 'जपून'. पेन्सिलीने कागदाला पडलेले बारीक खोलगट चर तेवढे उरले होते. तेही उष्ण दाबाखाली सपाट झाले. एमिलच्या हाताचा या पृथ्वीवर उरलेला अखेरचा स्पर्श एका मऊ कुंचल्याने टेबलाखाली झाडला गेला.

वाढदिवसाला टेबलावर कोंबडीचे सूप होते आणि खसखशीचा गोड रोल. कॉनराडने खोका तिच्यापुढे ठेवला. तिने मला बाहेर काढले आणि ओळखले.

"आता पुठ्ठा नाही, आई. दोन्ही बाजू दिसतात. बदलायची कटकट नाही, फाटायची भीती नाही. साडेआठ मिळाले, साडेआठ! एवढ्या जुन्या अंकाला!"

"दोन्ही बाजू दिसतात?" तिने विचारले. तिच्या चेहऱ्यावर जो उजेड आला, तो मी विसरू शकत नाही. सात वर्षांनी नव्हे, रोज. दार लोटून नव्हे, उघड. तिने घाईने मला पालथे केले.

पांढरी पट्टी पांढरी होती.

तिने मला खिडकीकडे धरले. जरा तिरके धरले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"किती स्वच्छ झालंय," ती म्हणाली.

"मुद्दाम साफ करून घेतलं."

"सगळं?"

"सगळं! एक डाग ठेवला नाही."

चोपन्न वर्षांचा तिचा मुलगा शाळेतून बक्षीस घेऊन आल्यासारखा तिच्याकडे पाहत होता. विल्माने त्याच्या गालावर हात ठेवला. तो हात त्या क्षणी कापत नव्हता.

"छान केलंस रे," ती म्हणाली. "जेव आधी. सूप निवतंय."

क्षमेवर मी पुष्कळ ऐकले होते. ती प्रत्यक्ष पाहिली ती त्या दुपारी.

त्यानंतर सकाळची जपमाळ संपली की ती मला मांडीवर घेई, अंगठा त्या रिकाम्या पट्टीवर ठेवी आणि दोन ओळी म्हणे. पहिले काही महिने त्या पूर्ण येत. मग वृद्धपण स्मृतीत शिरले. 'आल्यावर' आधी की 'मिळून' आधी, याचा तिला घोळ होई; ती थांबे, पट्टीकडे पाही आणि तिथे विचारायला कोणी नसे. एके सकाळी तिला फक्त 'ठेव' आठवले. काय ठेवायचे, ते आठवले नाही. मला ती वाक्ये तोंडपाठ होती, आणि मला तोंड नव्हते.

गेल्या हिवाळ्यात तिने देह ठेवला. चर्चच्या सभागृहात उत्तरक्रियेनंतरच्या जेवणाला कॉनराडने मला सोबत आणले होते. तो एका नातलगाला म्हणाला, "आयुष्यभर तिला त्रासच दिला मी. पण एक गोष्ट धड केली. तिचं हे पुस्तक सुरक्षित करून दिलं. शेवटपर्यंत मांडीवर घेऊन बसायची." आणि तो तोंड झाकून रडला.

आता मी त्याच्या घरी आहे. थंड, कोरड्या, अंधाऱ्या कपाटात. शास्त्राप्रमाणे सारे यथास्थित आहे. जाणकार म्हणतात, मी अजून शंभर वर्षे टिकेन. कशासाठी, हे जाणकार सांगत नाहीत.

संग्रह करणाऱ्यांनो, वस्तू जरूर जपा. फक्त जपण्याआधी, ती ज्याची आहे त्याला एकदा विचारा की नेमके काय जपायचे. याहून अधिक उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. मागायचे मात्र एक आहे. कॉनराड रविवारी मला बाहेर काढतो, दोन्ही बाजू पाहतो, आणि त्याला जरा बरे वाटते. त्याची-तुमची कधी गाठ पडली, तर त्याची विचारपूस करा, त्याच्या पेट्या पाहा, मन भरून त्याचे कौतुक करा. मी तुम्हाला जे सांगितले, ते त्याला सांगू नका. तिने सांगितले नाही.