हळदीखालचे मामंजी

निजामाचं राज्य गेलं आणि जिंतुरात बन्सीधर शेटजींच्या गहाणवटीच्या दुकानाची कळाच बदलली. पूर्वी तिथं बायकांच्या पाटल्या नि बुगड्या यायच्या. आता हुक्के, सुरमेदाण्या, चावी हरवलेली घड्याळं, मुठीवर सोन्याचं पाणी दिलेल्या तलवारी येऊ लागल्या. सोडवायला बहुधा कुणी येत नसे. मग हैदराबादेहून एक चष्मेवाले साहेब येत आणि ते जुनंपुराणं हौसेनं विकत नेत.

त्याच दुकानाच्या फळीवर चारठाण्याच्या म्हाळसाबाईचा सासरा होता.

म्हणजे सासऱ्याचा टाक. घरातलं माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर घोडेस्वार उठवून घेतात आणि देवघरात बसवतात, तो. मागं मेंढरांवर रोग पडला तेव्हा तिनंच येडबामामंजींना पदराखाली झाकून इथं आणलं होतं. आता मेंढ्या विकून ती सोडवायला आली होती. घरी सासू कोंडाबाई अंथरुणाला खिळलेली. तिचा एकच घोष : "म्हाताऱ्याला घरी आणा गं. त्याला हळद लावल्याबिगर माझा जीव जायचा न्हाई."

शेटजींनी पैसे घेतले, पण तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी लाल फडकं उलगडलं. आत दहाबारा टाक, सगळे लखलखीत.

"आमचा कोणचा?"

"तूच वळख, बाई," शेटजी म्हणाले. "दसऱ्याला आमच्या मंडळींना देव पारोसे दिसले. चिंच लावून समदे घासले तिनं. बांधलेल्या चिठ्ठ्या भिजून गेल्या. भक्तीनं केलं हो. तिला काय बोलू?"

म्हाळसाबाई खाली बसली. सगळे घोडे एकाच ठशातून निघालेले, सगळे स्वार सारखे. मामंजींची ओळख होती ती हळदीची. रोज लावून लावून तिचा जाड थर बसला होता, एका अंगाला तडकलेला. तो कधी खरवडायचा नसतो. त्याच्याखाली चेहरा कसा आहे, हे घरात कुणालाच आठवत नव्हतं.

"शेट, मोटर का वक्त हो रा," चष्मेवाले साहेब गादीवरून म्हणाले. "इसको एक उठाव बोलो ना."

"दोन दीस ठिवा, शेटजी. सासूला गाडीत घालून आणते."

"सौदा झालाय, बाई. बाकीच्यांची मुदत टळली. तुझा एक तेवढा देतो म्हणून मीच अडवून धरलंय."

म्हाळसाबाई साहेबांकडे वळली. "तिकडं न्हेऊन काय करता ह्यांचं?"

"काच के कपाट में रखते, अम्मा. लोगां देखते."

"आन् हळद?"

"हळद कायकू?" साहेब हसले.

तिनं एकेक टाक तळहातावर घेतला. 'मामंजी, तुमीच हात धरा,' ती मनात म्हणाली. कुणी धरला नाही. शेवटी सगळ्यांत पातळ होता तो तिनं उचलला. मामंजी हयातीत लय वाळके होते. एवढाच तिचा आधार. बाकीच्यांची पुरचुंडी साहेबांच्या पेटीत गेली, ती तिनं झाकण लागेपर्यंत पाहिली.

कोंडाबाईनं टाकावरून अंगठा फिरवला. मध्येच अंगठा थांबला.

"परमुलखात लय वाळलात हो," म्हातारी म्हणाली आणि हळद मागितली.

चार दिवसांनी ती गेली. रीतीप्रमाणं सोनाराकडून तिचाही टाक उठवून आला. नवरा-बायकोचे टाक शेजारी शेजारी बसवतात. भावकी जमली, नैवेद्य झाला.

"बसव गं सासूला," म्हातारी चुलतसासू म्हणाली. "का थांबलीस?"

म्हाळसाबाईनं कोंडाबाईला त्या घोडेस्वाराशेजारी बसवलं. त्यानंतर जन्मभर, दोघांचेही चेहरे दिसणार नाहीत इतकी जाड हळद ती रोज लावत राहिली.