आष्टीतला निळा किल्ट

मी एक किल्ट बोलतोय. स्कॉटलंडचे पुरुष कमरेला गुंडाळतात तो चुण्यांचा, गुडघ्यापर्यंतचा लोकरी पोशाख. सध्या मुक्काम आष्टी, जिल्हा जालना, लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा.

ग्लासगोच्या एका बाईनं मला हातानं शिवलं. माझ्या चौकड्यांच्या कापडाला तिकडे टार्टन म्हणतात. पूर्वी म्हणे घराण्यागणिक त्याचे रंग ठरलेले असत. आता आवडेल ते घेतात आणि लग्नात, पदवीदानात, अगदी फुटबॉलच्या सामन्यालाही घालून जातात. तिथं शिकणाऱ्या मिथुननं दुकानातले सगळे रंग सोडून निळाच उचलला. का, ते मला इथले झेंडे बघून कळलं.

पदवी घेताना त्यानं मला घातलं. मग चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी घरी आणलं. दुसऱ्याच दिवशी त्याला परतायचं होतं.

"घागरा घालून जयंतीत येतो व्हय रे?" त्याचे वडील रामकिसन म्हणाले.

"बाबा, तिकडं नवरदेव बी हाच घालतो."

रामकिसननी मला उलटंपालटं करून पाहिलं. "रंग बराबर हाय. घाल मंग. माझ्यासंगं पुढं चाल."

मिरवणुकीच्या सकाळी मी पलंगावर पसरलेला होतो. मिथुनची बहीण प्रिया माहेरी आलेली. तिच्या आठ महिन्यांच्या प्रेमनं मला ओलं केलं. डॉक्टर दुधाची बाटली दहा मिनिटं उकळा म्हणाले की प्रिया वीस मिनिटं उकळते, आणि तरी मनात येतंच, पंचवीस हवी होती का? तिनं दुपट्यांबरोबर मलाही उकळत्या पाण्यात टाकलं. मी ओरडायला हवं होतं. पण लोकर कुठली ओरडते!

उन्हात वाळलो आणि मिथुननं मला कमरेला गुंडाळलं, तेव्हा पट्टा बकलापासून चार बोटं दूर राहिला.

"काय रे, धुतल्यानं आटला का?" प्रियानं घाबरून विचारलं.

"न्हाई गं ताई. मीच सुटलो तिकडं, ब्रेड खाऊन खाऊन."

ती हसली. तो पँट घालून निघाला. रामकिसननी पँटकडे पाहिलं. "लाजला व्हय?"

मिथुननं प्रियाकडे पाहिलं आणि मान हलवली. हो म्हणून.

आता माहेरी आली की प्रिया मला काढते, पट्टा ओढून बघते. माझी लोकर घोंगडीसारखी घट्ट झालीय, हाताला लागतंच ते. तिला कळलंय.

मिथुन, मला पुन्हा घालू नकोस, चालेल. पण ताईला खरं सांग. तिची चूक तू अंगावर घेतलीस, आता तिनं माफी मागायची कशाची? आणि बाबांना फोन कर. म्हणावं, मी लाजलो नव्हतो.