धाकट्याच्या नावापुढचा ठिपका

धाकट्या भावाला जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि ही मंडळी आली मागायला. ओळख ना पाळख! कॉम्प्युटरवर त्याच्याबरोबर खेळणारे चार-पाचजण, कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही, नावं काय तर घुबड, खारट, यमदूत. मेसेज असा: ‘ताई, त्याच्या खात्यात एवढे गेम नुसते पडून आहेत. पासवर्ड दिलात तर आम्ही खेळू.’

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मेले! चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचं ऐकून घेते, घरी मी कुणाचं ऐकत नाही. सरळ लिहिलं, ‘लाज वाटते का?’

तरी त्या संध्याकाळी माझ्या फोनवर, गेमच्या ॲपमध्ये, भावाच्या नावापुढे हिरवा ठिपका पेटला. खाली लिहिलेलं: ‘खेळतोय.’ धावत त्याच्या खोलीत गेले. कॉम्प्युटरवर चादर तशीच होती.

तेवढ्यात घुबडाचा मेसेज आला: ‘थँक्यू ताई. काकूंनी पासवर्ड दिला.’

आईने! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तिथेच चादर ओढली, कॉम्प्युटर लावला आणि पासवर्ड बदलून टाकला. घुबड बाहेर फेकलं गेलं, ठिपका विझला. बरी खोड मोडली म्हटलं.

स्वयंपाकघरात आई तेच ॲप उघडून, साखरेच्या डब्याला फोन टेकवून उभी होती.

‘गेला गं,’ ती म्हणाली. ‘आत्ता तर होता.’

‘आई, तो नव्हताच तो! कुणीतरी परका माणूस होता.’

‘ठाऊक आहे मला. खुळी नाही झाले मी. पण नाव तर त्याचंच दिसत होतं ना? तो तिकडे खेळत असला की मी इकडे भाजी चिरायला घ्यायचे. आता हातच चालत नाहीत गं माझे.’ सुरी खाली ठेवून ती रडायला लागली.

परत त्याच्या खोलीत गेले, दार लोटलं, खुर्चीत बसले आणि त्याचा आवडता गेम उघडला. फोनवर त्याचा ठिपका पुन्हा पेटला. त्याने सोडलेला गेममधला गडी पुलावर तसाच उभा. श्वास घेतल्यासारखी गड्याची छाती वरखाली होत होती. मला ते बघवेना. एकही बटण दाबायचा धीर झाला नाही.

थोड्या वेळाने पलीकडे सुरी चालायला लागली. भांडी वाजली. आणि मग आईची हाक आली, तो गेल्यापासून ऐकली नव्हती ती:

‘पुरे रे आता! जेवण गार होतंय!’

‘पाच मिनिटं!’ माझ्या तोंडून निघून गेलं.

‘रोजचंच आहे तुझं!’ आई करवादली. करवादताना केवढी खूश होती.

आता झाली पंचाईत. उठावं तर थोड्या वेळात गेम आपोआप बंद होऊन ठिपका विझणार. न उठावं तर ती बोलवायला इथे येणार आणि खुर्चीत मला बघणार. भीती वाटली मला, खरंच सांगते.

फोन उचलला आणि घुबडाला लिहिलं, ‘नवा पासवर्ड पाठवतेय. मी जेवून येईपर्यंत बसशील का?’